मागच्या काचेचा लाल दांडा

चाकणच्या एका कंपनीत मी सत्तावीस वर्षं काम केलं आणि तेवढ्या वर्षांत लोखंडाला एकदाही कानस लावली नाही. तरी नाशिक रस्त्यावरून एखादा रोड रोलर किंवा ऊसतोडणी यंत्र जाताना दिसलं, की मी अजूनही रिक्षातून मान बाहेर काढून बघते. त्यातली ड्रायव्हरची कॅबिन आमची असेल तर लांबूनच कळतं. माझी मुलगी म्हणते, आई, लोक एवढ्या कौतुकाने शेजाऱ्यांच्या बाळाकडेसुद्धा बघत नाहीत.

आमची कंपनी अशा कॅबिनच बनवायची. रोलरच्या, ट्रॅक्टरच्या, खोदाई यंत्रांच्या. मी डिझाइन विभागात होते. धाराशिवला आयटीआयमध्ये ड्राफ्ट्समनचा कोर्स केला, लग्न होऊन काळेवाडीत आले आणि नवऱ्याच्या ओळखीच्या एका गृहस्थांनी कंपनीत चिकटवलं. सुरुवातीची दोन वर्षं ड्रॉइंग बोर्डावर गेली. मग कॉम्प्युटर आले. बोर्ड कँटीनच्या मागे उभे करून ठेवले आणि पुढे त्यांच्यावर कँटीनवाले भाजी चिरायला लागले.

बाहेरच्या माणसाला आमचं काम सांगायचं म्हणजे पंचाईत होते. कॉम्प्युटरवर चित्र काढतात, एवढंच लोकांना वाटतं. पण एका कॅबिनमध्ये अडीच-तीनशे पार्ट असतात आणि प्रत्येक पार्ट वेगळा काढून मग पडद्यावर जागच्या जागी बसवावा लागतो. ही बसवाबसवी हीच खरी कामगिरी. ती करायच्या दोन रीती आहेत. पहिली सोपी. दार बिजागरीला जोडायचं, बिजागरी खांबाला, खांब तळाला. प्रत्येक पार्ट शेजाऱ्याचा हात धरून उभा. पण एक खांब दोन इंच सरकवला, की त्याच्या हाताला धरून उभे असलेले सगळे धडपडतात. कोणी उलटा होतो, कोणी छताबाहेर जाऊन बसतो, आणि पडदा लाल खुणांनी भरून जातो.

दुसरी रीत म्हणजे मास्टर मॉडेल. ही एक वेगळीच फाइल. तिच्यात पत्रा नाही, नटबोल्ट नाही. नुसत्या रेषा, पातळ्या आणि बिंदू. कॅबिनचा तळ इथे, मध्यरेषा इथे, समोरच्या काचेचा बाक असा, आणि सगळ्यात महत्त्वाचा, ड्रायव्हर जिथे बसतो तो बिंदू इथे. प्रत्येक पार्टने आपली जागा या फाइलकडून घ्यायची, शेजाऱ्याकडून नाही. मग मास्टरमध्ये एक आकडा बदलला, की त्या आकड्यावर अवलंबून असलेले सगळे पार्ट आपापले सरकतात आणि बाकीचे जागचे हलत नाहीत.

हे आम्हाला शिकवलं ते आमचे विभागप्रमुख इनामदार सरांनी. शांत माणूस, पण एका बाबतीत फार कडक. पडद्यावर एखादा पार्ट ऐकत नसला, तर त्याला आहे तिथे कायमचा रोवून टाकायची सोय असते. आम्ही तिला खिळा मारणं म्हणायचो. खिळा मारलेला पार्ट मग कोणाचंच ऐकत नाही, मास्टरचंही नाही. सरांनी विभागात खिळा मारायला सक्त मनाई केली होती. नवीन आलेल्या प्रत्येकाला मीच हा नियम ऐकवायचे, आणि ऐकवताना माझा आवाज जरा चढायचा हे मला माहीत होतं.

ऊसतोडणी यंत्राची कॅबिन आमच्याकडे आली ती आप्पासाहेबांमुळे. ते सांगलीकडचे. तिकडे त्यांचा यंत्रं बनवायचा कारखाना होता. सत्तरीचे, धोतर नेसणारे, आणि पडद्यावरच्या कशावरही विश्वास न ठेवणारे. पहिल्याच बैठकीत मी त्यांना कॅबिन चारी बाजूंनी फिरवून दाखवली. त्यांनी शांतपणे बघितलं आणि म्हणाले, “ताई, चित्र झकास आहे. पण मला माझा माणूस बसवून बघायचाय.”

त्यांचा माणूस म्हणजे दगडू. तो त्यांचं यंत्र सात हंगाम चालवत होता. उंचापुरा, हाडापेराने रुंद, आणि बोलायला अगदी कमी. आम्ही प्लायवूडची एक कच्ची कॅबिन तयार केली, तिच्यात खरी सीट बसवली आणि दगडूला बसवलं. तो अर्धा तास नुसता बसून राहिला. स्टिअरिंग धरलं, पाय दाबून बघितले, डावीकडे वाकून बघितलं. आप्पासाहेब बाहेर स्टुलावर बसून वाट बघत होते. शेवटी दगडू उतरला आणि त्यांना हळूच म्हणाला, की गुडघे अडतात आणि डावीकडचं कटर दिसत नाही.

म्हणजे त्याला मागे आणि वर बसवायला हवं होतं. आम्ही मापं घेतली. चाळीस मिलिमीटर मागे, पंचवीस वर. आप्पासाहेबांचा चेहरा पडला. हंगाम तोंडावर होता आणि पहिली यंत्रं दिवाळीनंतर शेतात उतरायची होती. आधी त्यांनी ज्यांच्याकडून कॅबिन घेतली होती, त्यांनी एवढ्या बदलाला दीड महिना मागितला होता, असं ते म्हणाले.

मी त्यांना माझ्या टेबलापाशी नेलं. मास्टर उघडलं, ड्रायव्हरच्या बिंदूचे दोन आकडे बदलले आणि चहा मागवला. चहा संपेपर्यंत कॅबिन नव्याने उभी राहिली. सीटखालचा चौथरा सरकला, हाताखालची बटणांची पेटी सरकली, आरसे सरकले, समोरच्या काचेची खालची कड उतरली. बाहेरचे खांब यंत्राच्या सांगाड्यावर बसतात, म्हणून ते जागचे हलले नाहीत, आणि ते हलायला नकोच होते. एकही लाल खूण नाही. पार्ट एकमेकांत घुसतात का, याची तपासणी लावली. तीही स्वच्छ. आप्पासाहेबांनी बशी खाली ठेवली आणि पहिल्यांदा चष्मा पुसून पडद्याकडे नीट बघितलं. खरं सांगते, त्या दुपारी मला फार बरं वाटलं होतं.

पंधरा दिवसांनी लोखंडाची पहिली कॅबिन खाली शॉपमध्ये, म्हणजे जोडणीच्या शेडमध्ये, उभी राहिली. जोडणीचं काम गव्हाणेमामा बघायचे. ते म्हाळुंग्याचे, तिथलेच जुने रहिवासी. सगळी कंपनी त्यांना मामा म्हणायची. ड्रॉइंगवर त्यांचा राग नसायचा, पण भरवसाही नसायचा. त्या दिवशी सकाळी त्यांचा फोन आला आणि ते एवढंच म्हणाले, “म्याडम, जरा खाली या. ह्यो दांडा काय फिरंना.”

कॅबिनला एकच दार असतं. यंत्र दाराच्या बाजूला कलंडलं किंवा आग लागली, तर ड्रायव्हरला मागच्या काचेतून बाहेर पडावं लागतं. त्यासाठी मागच्या उजव्या खांबावर, खांद्याच्या उंचीला, एक लाल दांडा असतो. तो पाव फेरा खाली ओढला की काच सुटते. ऊसतोडणीत वाळलेलं पाचट यंत्रात सगळीकडे अडकतं, आणि तापलेल्या इंजिनाजवळ ते पेटतं. दगडूने सात हंगामांत दोनदा पेटलेलं यंत्र बघितलं होतं.

मी कॅबिनमध्ये बसून दांडा ओढला. तो अर्ध्यावर येऊन सीटच्या पाठीला थटला. काच सुटली नाही. सीट मागे आणि वर गेली होती, दांडा मात्र जुन्या जागी होता. पडद्यावर दांडा बंद स्थितीत दाखवलेला होता, त्यामुळे तो फिरताना कशाला अडेल हे तपासणीत येणारच नव्हतं. खांब हलला नाही, म्हणून दांडा खांबावर छान बसलेला दिसत होता. दांड्याची जागा ड्रायव्हरच्या बिंदूवरून मोजलेली असते. तो बिंदू हलला की दांडाही खांबावर मागे-वर सरकायला हवा होता. तो सरकला नव्हता.

अकरा वाजता इनामदार सरांनी आम्हा सगळ्यांना खोलीत बोलावलं. पडद्यावर दांडा खांबाला धरून ठेवणारा ब्रॅकेट उघडला. त्याच्या नावापुढे खिळ्याची खूण होती. सरांनी फाइलमध्ये शेवटचा बदल करणाऱ्याचं नाव वाचलं. प्रकाश काळे.

प्रकाश आमच्याकडे तीन वर्षं कंत्राटावर होता. लातूरचा, मारुंजीत दोन मित्रांबरोबर खोली घेऊन राहायचा. हात साफ, डोकं थंड. त्याला कायम करायचा कागद त्याच आठवड्यात सरांच्या टेबलावर आला होता. प्रकाशने पडद्याकडे बघितलं, मग खाली बघितलं आणि म्हणाला, की त्याला आठवत नाही, पण नाव त्याचं आहे तर तो बघून घेईल. सरांनी चष्मा काढला. ओरडले नाहीत. म्हणाले, हा दांडा कशासाठी असतो ते माहीत असूनही ज्याने खिळा मारला, त्याच्या हातात मी ड्रॉइंग कसं देऊ.

त्या नावाखाली तारीख होती. शुक्रवार. मी ती दोनदा वाचली.

तो दगडू येण्याच्या आधीचा शुक्रवार, आणि त्या दिवशी प्रकाश रजेवर होता. त्याच्या आईच्या मोतिबिंदूचं ऑपरेशन होतं, तो लातूरला गेला होता. खांबांची ड्रॉइंग संध्याकाळच्या आत कटिंगला पाठवायची होती आणि तो ब्रॅकेट दर वेळी खांबाच्या उलट्या बाजूला उडी मारत होता. प्रकाशने त्याला बिंदूशी बरोबर बांधलं होतं, फक्त एक दिशा उलटी धरली जात होती. शोधलं असतं तर अर्ध्या तासात सापडलं असतं. मी त्याच्या खुर्चीत बसले, त्याच्याच नावाने उघडलेल्या कॉम्प्युटरवर तो ब्रॅकेट सरळ केला आणि खिळा मारला. सोमवारी काढू म्हटलं. सोमवारी मुलीच्या साखरपुड्याची रजा होती. परत आले तेव्हा डोक्यात काहीच शिल्लक नव्हतं.

हे सगळं मला त्या खोलीत, तारीख वाचताक्षणी आठवलं. आणि मी गप्प बसले.

का, तर इनामदार सर पुढच्या मार्चमध्ये निवृत्त होणार होते. त्यांच्या जागी माझं नाव होतं. सगळ्यांना माहीत होतं, घरीही माहीत होतं. आयटीआय झालेली बाई डिझाइनची प्रमुख होणार, याचं माझ्या नवऱ्याला माझ्यापेक्षा जास्त अप्रूप होतं. बैठक संपली तेव्हा मी मनाशी ठरवलं, की आधी दुरुस्ती करू, मग शांतपणे सरांशी बोलू. माणूस स्वतःला किती पटकन पटवतो.

जेवणाच्या सुट्टीत मी डबा उघडला आणि तसाच झाकला. प्रकाश पलीकडच्या टेबलावर नेहमीसारखा जेवत होता. तो चिडलेला दिसला असता तर मला सोपं गेलं असतं. जेवून तो जागेवर गेला आणि ब्रॅकेटची दिशा नीट करायला लागला. दुपारभर मी समोरच्या पडद्यावर एकही रेघ ओढली नाही.

चारच्या सुमारास गव्हाणेमामा वर आले. त्यांना खांबाला नवीन भोकं कुठे पाडायची ते विचारायचं होतं. प्रकाशने मापं दिली. जाताना मामा माझ्यापाशी थांबले आणि सहज म्हणाले, “बरं झालं इथंच घावलं. तिकडं शेतात कळलं असतं तर काय केलं असतं आपण?” ते मला लागावं म्हणून बोलले नव्हते. त्यांना काही माहीतच नव्हतं.

मी उठले आणि सरांच्या केबिनमध्ये गेले. बसायच्या आधीच सांगितलं, की खिळा मी मारलाय. शुक्रवारची तारीख, प्रकाशची रजा, त्याची खुर्ची, सगळं सांगितलं. सकाळी कळलं होतं आणि तरी बोलले नाही, हेही सांगितलं. सरांनी हातातला कागद बाजूला ठेवला. मग म्हणाले, “सुलभाताई, खिळ्याचं मी समजू शकतो. घाईत होतं. पण सकाळी अकरा ते चार तुम्ही काय करत होता?”

त्यांनी प्रकाशला बोलावलं आणि माझ्यादेखत त्याची माफी मागितली. मीही मागितली. तो अवघडून उभा राहिला.

बाहेर आल्यावर त्याच्याशी दोन शब्द बोलावे म्हणून मी त्याला जिन्यापाशी थांबवलं. म्हटलं, तुला शंका नाही आली का.

“मला माहीत होतं, मॅडम,” तो म्हणाला. “तारीख मी पण वाचली होती. त्या दिवशी मी लातूरला होतो.”

“मग बोलला का नाहीस?”

“तुम्ही बोलाल असं वाटलं होतं.” आणि जिना उतरता उतरता म्हणाला, “संध्याकाळपर्यंत थांबणार होतो. मग मीच सांगितलं असतं.”

त्या दिवशी कंपनीच्या बसमध्ये तळवडे चौकात नेहमीप्रमाणे अर्धा तास अडकलो. एरवी मी त्या ट्रॅफिकला शिव्या देते. त्या दिवशी घरी जाऊन नवऱ्याला काय सांगायचं याची जुळवाजुळव करायला तो वेळ कमी पडला. सांगितलं तेव्हा तो म्हणाला, झालं ते झालं, तो पोरगा वाचला ना. पुढे कितीतरी दिवस त्याने त्या पदाचं नाव काढलं नाही.

पुढच्या दोन दिवसांत प्रकाशने आणि मी मास्टरमध्ये दांड्यासाठी स्वतंत्र बिंदू घातला, ड्रायव्हरच्या बिंदूला पक्का बांधून. शिवाय दांडा फिरताना जेवढी हवा कापतो, तेवढ्या आकाराचा एक पोकळ पार्ट केला. खऱ्या कॅबिनमध्ये तो नसतोच. पण त्यात दुसरं काही शिरलं, की तपासणीत लाल खूण येते. ही कल्पना प्रकाशची. तो पार्ट पुढे आमच्या प्रत्येक कॅबिनमध्ये गेला, पेडलसाठी, दारासाठी, ज्या ज्या गोष्टी हलतात त्या सगळ्यांसाठी.

शनिवारी आप्पासाहेब आले, दगडूला घेऊन. सरांनी त्यांच्यापासून काही लपवलं नाही. दांडा अडत होता, आता दुरुस्त केलाय, असं सरळ सांगितलं. आप्पासाहेब रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी विचारलं, हे चित्र कोणी काढलं. मी पुढे झाले. ते म्हणाले, “मग ताई, तुम्हीच बसा. डोळे मिटून. धुरात कुठं दिसतंय.”

मला वाटलं थट्टा करतायत. पण ते स्टूल ओढून बसले होते. शॉपमधले पंचवीस-तीस लोक हातातलं काम सोडून उभे राहिले. मी बावन्न वर्षांची, पंजाबी ड्रेस घातलेला, गुडघे कुरकुरणारे. ओढणी कमरेला बांधून आत चढले. मामांनी बाहेरून दार लावलं. मी डोळे मिटले. तसं बसल्यावर पहिल्यांदा कळलं, की इतकी वर्षं जो बिंदू मी आकड्यांनी हलवत आले, तिथे बसलेल्या माणसाला खांब किती जवळ वाटतात. उजवा हात खांद्यामागे नेला. दांडा हाताला लागला. खाली ओढला. तो मोकळा फिरला आणि खट्ट आवाज होऊन पाठीमागून वारा आला.

बाहेर पडणं काही देखणं झालं नाही. सीटच्या पाठीवर गुडघा टेकला, काचेच्या चौकटीत पोटावर अडकले, आणि मामांनी लावलेल्या शिडीची पायरी पायाला सापडेपर्यंत तशीच लोंबकळले. कोणी हसलं नाही. मग दगडू आत गेला. तोही डोळे मिटून बसला आणि माझ्या निम्म्या वेळात बाहेर आला. आप्पासाहेबांकडे बघून त्याने मान हलवली. त्यांनी चाळीस कॅबिनची ऑर्डर पक्की केली आणि यंत्रं हंगामाला वेळेवर शेतात उतरली. त्यातल्या कोणाला पुढे ती काच उघडावी लागली का, ते मला कळलं नाही. मीही कधी चौकशी केली नाही.

प्रकाश त्या महिन्यात कायम झाला. विभागप्रमुख बाहेरून आले, चांगले होते. मी माझ्या टेबलावरच राहिले. सुरुवातीला सलायचं, खोटं कशाला सांगू. पण प्रमुख झाले असते तर दिवसभर बैठकीत बसले असते, आणि मला तर मास्टर उघडून बसण्यातच सुख होतं. त्यानंतरच्या सहा वर्षांत मी अकरा कॅबिनची मास्टर मॉडेल केली. हातून झालेलं सगळ्यात चांगलं काम त्याच वर्षांतलं.

इनामदार सरांनी मात्र एक शिक्षा दिली होती. सहा महिने माझ्या प्रत्येक ड्रॉइंगवर दुसरी सही प्रकाशची लागेल. ज्याला मी काम शिकवलं त्याच्यापुढे कागद घेऊन उभं राहायचं. पहिले काही दिवस मी कागद त्याच्या टेबलावर ठेवून पाणी प्यायला जायचे. मग शेजारी खुर्ची घेऊन बसायला लागले. तो एकेक पार्ट सरकवून बघायचा, मास्टरचे आकडे मुद्दाम हलवून बघायचा, काय हलतं आणि काय नाही. कधी घाई केली नाही.

सहा महिने संपले तरी मी जात राहिले. तो म्हणायचा, मॅडम, आता नियम नाही. मी म्हणायचे, असू दे, बघ तरी. निवृत्त होईपर्यंत एकही ड्रॉइंग त्याच्या नजरेखालून गेल्याशिवाय मी खाली पाठवलं नाही. आणि त्या सहा वर्षांत दोनदा त्याला माझी चूक सापडलीही.